न लिहिलेल्या ओळींचा हिशोब

गेल्या पावसाळ्यात सावानाच्या, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दारात एका मुलानं मला गाठलं. सातपूरला कारखान्यात पाळीवर असतो. रात्रपाळी सुटली की झोपायच्या आधी तासभर लिहितो, म्हणाला. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दोन फुलस्केप वह्या. "काका, बारा कथा झाल्यात. पुस्तक काढायला किती लागतात?"

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. कुसुमाग्रजांचं गाव आहे हे. दर तिसऱ्या घरातल्या कपाटात कवितांची वही निघते, आणि कथा लिहिणारेही काही कमी नाहीत. मी मुद्रितशोधन करतो, म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुराची प्रुफं तपासतो. माझी स्वतःचीही दोन पुस्तकं आहेत. पहिलं पदरचे पैसे घालून काढलं होतं. त्याच्या पावणेतीनशे प्रती अजून पलंगाखाली आहेत आणि दर उन्हाळ्यात बायको त्यांना कुरडयांबरोबर गच्चीवर ऊन दाखवते. तेव्हा 'किती लागतात' याचं उत्तर मला तोंडपाठ आहे. तरी आकडा सांगितला नाही. आधी वही मागितली.

पोरगा निफाडकडचा, घरी कांदा. पहिल्या कथेत त्यानं लिहिलं होतं:

'बाबा मार्केटमधून परत आले तेव्हा ते खूप निराश झाले होते. कांद्याला अजिबात भाव मिळाला नव्हता. एवढी मेहनत करूनही पदरी काहीच पडले नाही या विचाराने त्यांचे मन विषण्ण झाले. शेतकऱ्याचे जीवन किती खडतर असते हे मला त्या दिवशी कळले.'

शुद्धलेखन चोख होतं, वाक्यंही सरळ. पण वाचून मला काहीच दिसलं नाही. त्याला विचारलं, "आले म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी?"

"काही नाही. ट्रॉली झाडली."

"म्हणजे?"

"कांदा उतरला की ट्रॉलीत पाला राहतो ना, टरफलं. ती झाडत बसले. अंधार पडला होता. आई म्हणे जेवून घ्या, तर म्हणे आधी हे होऊ दे. कांदा विकल्याची हिशोबपट्टी खिशातच होती. आईनं काही मागितली नाही."

मी म्हटलं, "हे जे आता बोललास ते लिही." तिथेच कट्ट्यावर बसून आम्ही दोघांनी तो परिच्छेद पुन्हा केला:

'बाबांनी ट्रॅक्टर बंद केला आणि खराटा घेऊन ट्रॉलीत चढले. अंधार पडला होता. टरफलं उडून ओट्यापर्यंत येत होती. "आधी जेवून घ्या," आई म्हणाली. "होऊ दे हे." हिशोबपट्टीचं टोक त्यांच्या खिशातून बाहेर आलं होतं. आईनं ते पाहिलं आणि ताटात काढलेली भाकरी परत दुरडीत ठेवली.'

आता यात 'निराश' कुठे आहे? 'विषण्ण' कुठे आहे? भावाचा आकडा तर मुळीच नाही. पण वाचणारा तो स्वतः काढतो. खराटा, अंधार, खिशातलं टोक आणि परत दुरडीत गेलेली भाकरी एवढ्या सामानावर तो त्या घराची संध्याकाळ उभी करतो, आणि स्वतः उभी केली म्हणून ती त्याला खरी वाटते. लेखकानं 'निराश होते' असं सांगून टाकलं की वाचकाला करायला काही उरत नाही. तो मान डोलावतो आणि पान उलटतो.

इथे एक गल्लत होते. 'कमी लिहा' असं सांगितलं की काही जण सगळंच काढून टाकतात. मग कथेत कोण, कुठे, कशासाठी काहीच कळत नाही, आणि लेखक म्हणतो, वाचकाला समजून घ्यायला हवं. रिकामी जागा सोडायची तर तिच्या दोन्ही बाजूंना पक्कं बांधकाम लागतं. भाकरी दुरडीत गेली हे स्पष्ट लिहिलंय, म्हणून आईच्या मनातलं न लिहिता चाललं. भिंतीच नसतील तर खिडकी कशात बसवणार?

कथेत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक प्रसंग, जो आपल्या डोळ्यांसमोर घडतो. दुसरं निवेदन, ज्यात लेखक पुढे सरकवून सांगतो: 'पुढची पाच वर्षं कांद्यानं कधी रडवलं, कधी तारलं.' हे वाक्य चांगलंच आहे, पाच वर्षं त्यानं एका ओळीत उरकली. माझा आडाखा असा, की दोन माणसांमध्ये काहीतरी बदलत असेल तिथे प्रसंग लिहावा, नुसता काळ जात असेल तिथे निवेदन. नव्या लेखकांच्या वह्यांत हे उलटं सापडतं. सकाळी उठणं, दात घासणं, सीबीएसवर बस पकडणं याची दोन पानं, आणि सून घर सोडून जाते ते दीड ओळीत.

दृष्टिकोनाचा घोळ त्याहून बारीक असतो. या मुलाची चौथी कथा सिडकोतल्या एका बाईच्या नजरेतून चालते. स्वयंपाकघर, गॅलरी, खालच्या मजल्यावरचं भांडण, सगळं तिला दिसतं तसं. आणि मध्येच द्वारका चौकात बसमध्ये उभ्या असलेल्या नवऱ्याच्या मनात काय चाललंय ते येतं. बाईला ते कळणं शक्य नाही. तोवर वाचक तिच्या शेजारी बसला होता, आता तो उठून लेखकाच्या खुर्चीकडे बघायला लागतो. दोघांची मनं दाखवायची असतील तर दाखवा, पण मग सुरुवातीपासून तशी सवय लावा.

संवादांबद्दल एवढंच सांगतो, की घरातली माणसं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच देतात. "जेवलास का?" याला "कुणाचा फोन आला होता का?" हे उत्तर असू शकतं, आणि तिथूनच गोष्ट सुरू होते. बोलीचं म्हणाल, तर सटाण्याकडचा म्हातारा अहिराणीत बोलेल, पेठ-सुरगाण्याचा माणूस वेगळ्या हेलात बोलेल. पण प्रत्येक शब्द बोलीत लिहायचा हट्ट केला की कॉलेज रोडवरचा वाचक तिसऱ्या ओळीत अडखळतो. दोन-चार शब्द आणि वाक्याचा हेल पुरतो.

आणि शेवट. मी एक अडाणी चाचणी करतो: कथेच्या शेवटच्या परिच्छेदावर तळहात ठेवायचा आणि त्याच्या आधीच्या ओळीवर थांबून बघायचं. या मुलाच्या बारापैकी नऊ कथा तळहातानं सुधारल्या. माझ्या पहिल्या पुस्तकातल्या तर सगळ्याच सुधारतात, पण ते आता पलंगाखाली आहे.

चहा झाल्यावर तो पुन्हा मूळ पदावर आला. "ते सगळं खरं काका, पण पुस्तकाचं काय?"

तर पुस्तकाचं. छापखान्यात पुस्तक पानांत मोजत नाहीत, फॉर्ममध्ये मोजतात. फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच. आपल्याकडचं नेहमीच्या डेमी आकाराचं पुस्तक साधारण १६ पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं. म्हणजे १९२ पानं झाली की बारा फॉर्म. १९५ झाली तर तीन पानांसाठी अर्धा फॉर्म वाढतो, आणि उरलेली पाच पानं कोरी जातात किंवा लेखकाच्या परिचयानं भरतात. एकदा एका कादंबरीची प्रुफं माझ्याकडे असताना नेमकं हेच झालं. प्रेसवाला म्हणाला, तीन पानं काढा नाहीतर पैसे वाढतील. लेखक आठवडाभर रुसून बसले. मग त्यांनीच पानं शोधली. नायक सोमेश्वरच्या धबधब्यावर बसून आयुष्याचा अर्थ शोधत होता, ती तीन पानं गेली. पुढे कुणालाही त्यांची आठवण आली नाही, खुद्द लेखकांनासुद्धा. कलेचा निर्णय कधीकधी कागदाच्या भावानं होतो आणि तो बरोबरही निघतो.

आता पैसे. एक हिशोब मांडून दाखवतो. आकडे समजण्यापुरते धरलेत, प्रत्येक पुस्तकाला ते थोडे इकडेतिकडे होतील. बारा फॉर्मचं पुस्तक, छापील किंमत ३०० रुपये, प्रती ५००. वितरक आणि विक्रेता मिळून ४० टक्के सवलत घेतात, म्हणजे १२० गेले. राहिले १८०. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीमागे ८५ धरू. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, संपादन, प्रुफं यांचा एकूण खर्च २०,००० धरला तर प्रतीमागे ४०. लेखकाची रॉयल्टी छापील किमतीच्या १० टक्के, म्हणजे ३०. प्रकाशकाच्या हातात उरले २५ रुपये. त्यात त्याचं दुकानभाडं, पोरांचे पगार, कुरिअर.

हे झालं पाचशेच्या पाचशे प्रती विकल्या तर. तीनशेच गेल्या तर बघा: आले ५४,०००. छपाई मात्र पाचशेंची झालीय, तिचे ४२,५००, वरचे २०,००० आणि रॉयल्टीचे ९,०००. खर्च ७१,५००. साडेसतरा हजारांचा खड्डा. नव्या कथाकाराचं नाव ऐकून प्रकाशक खिडकीबाहेर का बघायला लागतो ते आता कळलं असेल. तो दुष्ट नसतो, त्याच्या डोक्यात हा गुणाकार चाललेला असतो.

आणि लेखकाचं? सगळ्या प्रती खपल्या तर १५,००० रुपये, तेही दोन-तीन वर्षांत मिळून. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पोराला हे सांगताना मला जरा वाईट वाटलं. तो म्हणाला, "ओव्हरटाइम केला तर लवकर मिळतील." बरोबर आहे. म्हणूनच पहिलं पुस्तक पैशासाठी काढू नये, आणि पैसे घालूनही काढू नये, निदान हिशोब न करता तरी. काही मंडळी पॅकेज सांगतात: इतके हजार भरा, शंभर प्रती घ्या, आयएसबीएन आम्ही काढून देऊ, त्याची फी वेगळी. आयएसबीएन हा पुस्तकाचा तेरा आकडी ओळखक्रमांक आहे. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो आणि त्याला सरकार पैसे घेत नाही. धावपळीची मजुरी कुणी मागितली तर तसं म्हणून मागावी. मी भरली होती ती फी. तेव्हा पावतीवर 'शासकीय शुल्क' लिहिलेलं बघून मला अभिमानच वाटला होता.

स्वतः खर्च करून पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त तेव्हा आपण लेखक आणि व्यापारी दोन्ही असतो आणि दुसऱ्या नोकरीची तयारी लागते. पाचशेऐवजी मागणीनुसार पन्नास-शंभर छापता येतात. प्रतीमागचा खर्च वाढतो, पण पलंगाखालची जागा मोकळी राहते. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. पण त्या मुलाला मी यातलं काहीच आधी करायला सांगितलं नाही. आधी दिवाळी अंक, म्हटलं.

आपल्याकडची ही मोठी सोय आहे आणि ती जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला दर वर्षी एक बाजारपेठ मिळते. कथा एकेकटी जाते, वेगवेगळे संपादक ती वाचतात, कुणी परत पाठवतं, कुणी दोन ओळी लिहून कळवतं. चार-पाच कथा अशा छापून आल्या की संग्रह घेऊन प्रकाशकाकडे जाताना हातात काहीतरी असतं. फक्त दिवाळीच्या तोंडावर पाठवू नका. अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यापासून चालू होते; गणपतीत कथा पाठवणाऱ्याला साधारण पुढच्या वर्षीचं उत्तर मिळतं. मानधन अंकाअंकावर आहे. काही ठिकाणी अंकाची एक प्रत हेच मानधन. ते आधी विचारावं, विचारण्यात लाज नाही.

आता करार. इथे जरा थांबतो, कारण मी स्वतः इथे पडलोय.

गोष्टीत जे लिहीत नाही ते वाचक भरतो. करारात जे लिहीत नाही ते कायदा भरतो, नाहीतर समोरचा भरतो. आणि आपण लेखक मंडळी नेमकं उलटं वागतो. कथेत सगळं लिहून ठेवतो, 'विषण्ण' सुद्धा, आणि करारात मात्र 'तुम्ही म्हणाल ते' म्हणून सही करतो.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्यातलं लेखकाच्या कामाचं असं: कथा लिहून झाली त्या क्षणी हक्क तुमचा असतो. नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी, आणि साहित्यकृतीसाठी तिची फी ५०० रुपये. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे आज तेवीस वर्षांचं पोर ज्या कागदावर सही करतंय, त्याचा संबंध त्याच्या नातवंडांपर्यंत जाऊ शकतो.

हा हक्क शेतासारखा समजा. सातबारा दुसऱ्याच्या नावावर करून देता येतो, तसं शेत वाट्यानंही लावता येतं. कायद्याच्या भाषेत पहिलं म्हणजे हक्क हस्तांतर, दुसरं म्हणजे परवाना. वाट्यानं लावलेलं शेत मुदत संपली की परत येतं, आणि बहुतेक पुस्तकांना तेवढं पुरतं. शिवाय हे शेत एकसंध नाही, त्यात गट आहेत. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, नाटक, सिनेमा, वेब मालिका, हे प्रत्येक वेगळं देता येतं. माझ्या पहिल्या करारात एकच ओळ होती: 'सदर पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.' मी पुस्तकाच्या वासात होतो, सही केली. पुढे एका नाट्यसंस्थेच्या पोरांना त्यातली एक कथा एकांकिकेसाठी हवी होती, तेव्हा मी माझ्याच कथेची परवानगी मागायला गेलो. दीड महिना फेऱ्या मारल्या. स्पर्धा होऊन गेली.

तेव्हा मला माहीत नव्हतं की कायद्यानं अशा रिकाम्या जागांची सोय करून ठेवलीय. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. तोंडी 'देऊन टाकले' याला अर्थ नाही. कोणतं पुस्तक, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि रॉयल्टी किती, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर न वापरलेल्या हक्कांचं हस्तांतर संपतं, मात्र करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. ही शेवटची अट नीट वाचा. 'कायमस्वरूपी', 'जगभरात', 'वापर न केल्यासही' असे शब्द करारात का येतात ते तिच्यात आहे. तुमची रिकामी जागा कायदा तुमच्या बाजूनं भरतो, म्हणून समोरचा ती आधीच भरून आणतो.

रॉयल्टीच्या ओळीतही एक खोच असते. 'दहा टक्के' एवढंच लिहिलेलं असतं. कशाचे? छापील किमतीचे धरले तर वरच्या हिशोबात प्रतीमागे ३० रुपये, प्रकाशकाच्या हाती आलेल्या रकमेचे धरले तर १८. पाचशे प्रतींवर सहा हजारांचा फरक, फक्त दोन शब्द न लिहिल्यामुळे. विक्रीचा हिशोब वर्षातून कधी कळवणार, आवृत्ती संपली आणि नवी काढली नाही तर हक्क कधी परत, हेही विचारून घ्यावं. भला प्रकाशक चिडत नाही. उलट लेखकानं वाचून सही केली याचं त्यालाही बरं वाटतं, कारण उद्याचं भांडण टळतं. सिनेमावाल्यांचा करार आला तर मात्र थेट वकील गाठा.

"आणि काका, कुणी माझी आयडिया चोरली तर?" हेही सगळे विचारतात. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रीतीनं मांडली त्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ साली हे स्पष्ट केलंय. भाव न मिळालेला शेतकरी घरी येतो ही कल्पना कुणाचीच नाही आणि सगळ्यांची आहे. अंधारात ट्रॉली झाडणारा बाप, परत दुरडीत गेलेली भाकरी, ती शब्दांत जशी आली तशी त्या पोराची. म्हणजे फिरून तिथेच आलो: जितकं नेमकं लिहाल तितकं ते तुमचं.

जाता जाता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिता. छपाईसाठी तो मजकूर कधीकधी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलावा लागतो, आणि त्या बदलात 'र' घात करतो. 'सह्याद्रीच्या दऱ्या' चे 'सह्याद्रीच्या दर्या' होतात आणि घाटमाथ्यावर समुद्र येतो. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं. संगणकाला यात चूक दिसत नाही. म्हणून छपाईपूर्वीचं शेवटचं प्रुफ लेखकानं स्वतः वाचावं, शक्य तर मोठ्यानं. मोठ्यानं वाचताना समुद्र लगेच ऐकू येतो.

त्या मुलानं बारापैकी सात कथा बाजूला ठेवल्या, पाच पुन्हा लिहिल्या, आणि कांद्याची कथा एका दिवाळी अंकाला पाठवली. अंकवाल्यांचं अजून काही कळलेलं नाही. पाठवण्याआधी सुट्टीला घरी गेला तेव्हा त्यानं तो परिच्छेद वडिलांना वाचून दाखवला. मला फोन करून सांगत होता. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते, म्हणे, शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खराटा नव्हता रे तो. फडा होता, शिंदीचा."

मी म्हटलं, कर मग दुरुस्त. ते त्यानं आधीच केलं होतं.

"आणि पट्टीचं काय म्हणाले?"

"पट्टीचं काही नाही बोलले," तो म्हणाला.